सौंसरला नागपूर केंद्र इतकं स्पष्ट कसं लागतं?

प्रश्न : आम्ही सौंसरचे, म्हणजे मध्य प्रदेशातले. तरी घरच्या ट्रान्झिस्टरवर नागपूर आकाशवाणी मराठीत स्पष्ट ऐकू येते आणि छिंदवाड्याचं एफएम खरखरतं. असं का? आजोबा म्हणतात, पूर्वी रेडिओला परवाना लागायचा. मग आता आकाशवाणीचा खर्च कोण करतं?

उत्तर : ज्या राज्यात घर, त्याच राज्याचं केंद्र लागावं, असं पुष्कळांना वाटतं. पण रेडिओच्या लहरींना राज्याची हद्द अडवत नाही. त्यांना अडवतो तो डोंगर.

नागपूर केंद्र मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झवर आहे. ही लहर सुमारे ५१३ मीटर लांब असते, त्यामुळे ती जमिनीला धरून, चढउतार ओलांडत दूरवर जाते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती नजरेसारखी सरळ जाते आणि डोंगराआड फारशी पोचत नाही. छिंदवाडा वर पठारावर, तुम्ही खाली, आणि मध्ये सिल्लेवानीचा घाट. नागपूरच्या बाजूला असा घाट नाही. दोष तुमच्या संचाचा नाही.

रात्री मध्यम लहरींवर लांबलांबची केंद्रंही लागतात. त्याचं कारण वेगळं आहे. दिवसा वातावरणाचा एक वरचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात.

आता भाषेचं. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. म्हणजे हे तुमच्याच राजधानीचं केंद्र! १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. घरातली मराठी होती तिथेच राहिली. म्हणून हे केंद्र परकं वाटत नाही, आणि वाटूही नये.

आजोबांचं म्हणणं खरं आहे. परवाना पोस्टातून काढावा लागे. १९८०च्या दशकात तो बंद झाला. आज आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त संस्थेकडे आहे. १९९०च्या कायद्यानुसार ती २३ नोव्हेंबर १९९७ला अस्तित्वात आली. नफा कमावणं हा तिचा हेतू नाही. जाहिरातींतून थोडं उत्पन्न मिळतं, पण मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर, म्हणजे आपल्या करांवर आहे. तेव्हा कार्यक्रम आवडला, खटकला, तर केंद्राला पत्र लिहायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

एक करून पाहा. मध्यम लहरींचा अँटेना म्हणजे संचाच्या आत आडवी बसवलेली काळी कांडी. बाहेरची लांब दांडी एफएमसाठी असते. म्हणून दांडी ओढत बसू नका, अख्खा संचच हळूहळू फिरवा. त्याचं तोंड किंवा पाठ आग्नेयेला, नागपूरकडे आली की आवाज भरतो. आणि मोबाइलचा चार्जर जवळ ठेवू नका.