सकाळच्या शाळेआधी झोप सरकवण्याची कृती

ऊन तापायला लागलं की वर्ध्याकडच्या शाळा सकाळच्या होतात. उन्हासाठी ते बरोबरच, पण लेकरांची रात्र तेवढीच उशिरा सुरू होते. शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ ला चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. उन्हाळ्यात घड्याळ पुन्हा ७ वर येतं. तेव्हा सकाळची शाळा लागायच्या पंधरा दिवस आधी कामाला लागा.

आधी हिशेब. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. शाळा ७ ची, उठणं ६ ला, म्हणजे रात्री पावणेनऊला डोळा लागायला हवा. आज ते सव्वादहाला झोपत असेल, तर झोप दीड तास अलीकडे आणायचीय. एकदम ओढलं तर मूल अंथरुणात लोळत राहतं आणि आपण ओरडतो. दर दोन दिवसांनी १५ मिनिटं सरकवा. बारा दिवसांत होतं.

सुरुवात सकाळपासून करा. उठवणंही तसंच १५-१५ मिनिटांनी अलीकडे घ्या आणि उठल्याबरोबर अंगणात न्या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची झोप आपोआप लवकर येऊ लागते. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त लोळू देऊ नका.

खरी गोची दुपारची. शाळा सुटली, जेवण झालं, की पोरगं कूलरसमोर आडवं होतं ते थेट पाचला उठतं. मग रात्री अकरापर्यंत टक्क जागं. झोपू द्या, पण पाऊण तास, आणि तीनच्या आत उठवा. उठल्यावर दहा मिनिटं ते कुणाशी धड बोलणार नाही. लिंबाचं सरबत हातात द्या, गृहपाठाचं नाव काढू नका.

अभ्यास सातच्या आत उरका. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून पहाटे चारला उठवून पाढे घोकून घेणं हा तोट्याचा सौदा. आजोबा सेवाग्राम आश्रमातल्या पहाटेच्या प्रार्थनेचा दाखला देतील. त्यांना सांगा, आश्रम रात्री लवकर झोपायचाही.

साडेसातला जेवण. आठला टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. एकट्या लेकराला लावलेला नियम चार दिवस टिकत नाही. ट्यूबलाइट मालवा. झोप लागायला अंग थोडं निवावं लागतं, म्हणून कूलर आधीच लावून ठेवा आणि एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. पाणी भरताना प्लग काढायला विसरू नका.

मधल्या दिवसांत चिडचिड होईल. झोप कमी पडलेलं मूल जांभया देतंच असं नाही. उलट घरभर उड्या मारतं आणि पोळीचा तुकडा वाकडा तुटला म्हणून भोकाड पसरतं. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग तेव्हा दमलेला असतो. अशा वेळी समजूत घालत बसू नका, अंथरूण घाला.

पंधराव्या दिवशी ते एका हाकेत उठलं, तर जमलं. पुरेसं झोपूनही दिवसभर पेंगत असेल, रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर वेळ बदलून भागणार नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवून या.