शाळेतील प्रार्थना आणि घटनेचे कलम २८



जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की कर्जत-खालापूर भागातील आपले काही पालक एकच प्रश्न विचारतात. शाळेत सरस्वतीपूजन होते, कुठे सत्यनारायण असतो. आपल्या मुलाने हात जोडावेत की नाही? घरी बावीस प्रतिज्ञा आणि शाळेत आरती, अशा कात्रीत सात-आठ वर्षांचे पोर सापडते. त्याने गुरुजींशी वाद घालावा अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम पालकाचे.

घटनेच्या कलम २८ मधील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. जी शाळा संपूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तेथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळा कोणत्याही संस्थेची असो, तेथे धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे पालक हरकत घेईपर्यंत चालू द्यायचे, असा हा मामला नव्हे.

७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत परमपूज्य बाबासाहेबांनी यामागची कारणे मांडली. सर्वांच्या कराचा पैसा एका धर्माच्या शिकवणीवर खर्च होऊ नये. शिवाय धर्म अनेक, आणि जो तो आपलाच मार्ग खरा म्हणणार. त्याचे पडसाद वर्गात उमटणार. मात्र धर्ममताची शिकवण वेगळी आणि धर्माचा अभ्यास वेगळा, हेही त्यांनी स्पष्ट केले. शाळेची सहल आपल्या कोंडाण्याच्या लेण्यांना गेली आणि गुरुजींनी चैत्यगृह व विहार समजावून दिले, तर तो इतिहास झाला. तेथे सर्व मुलांना त्रिशरण म्हणायला लावले, तर ती उपासना झाली.

न्यायालयांनीही हेच धरले आहे. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती चालणार नाही असे सांगितले. तेव्हा पालकांनी मुख्याध्यापकांना साधा, नम्र अर्ज द्यावा. दोन प्रती कराव्यात, एकीवर पोच घ्यावी. (बँकेत वर्षे काढलेल्या माणसाची ही खोड समजा!)

आता आपल्या घरचे. आमच्या विहारातील संध्याकाळच्या अभ्यासिकेत कातकरी आणि ठाकूर वाडीवरची मुले येतात, दोघे-तिघे मुस्लिमही आहेत. अभ्यासिकेला सरकारी अनुदान नाही, त्यामुळे कलम २८ आम्हाला लागू नाही. पण वाडीवरच्या पोराला वाघदेव मानणारे आईबाप आहेत. त्याने पंचशील म्हटल्यावाचून दिव्याखाली बसू नये काय? सभेत एक ज्येष्ठ सभासद रागावले, "आपल्या विहारात आपली वंदना लपवायची का?" लपवायची मुळीच नाही. वंदना सव्वासहाला, ज्याला यायचे त्याने यावे. अभ्यास साडेसहाला, सर्वांसाठी. ज्येष्ठांचा राग अजून गेलेला नाही, पण त्यांचा नातू सव्वासहाला येतो आणि वाडीवरचा त्याचा मित्र साडेसहाला.