पापलेट घेताना फूटपट्टी जवळ ठेवा

डोंबिवलीत मी मालवणी जेवणाची खानावळ चालवते. ऐन जुलैत आम्हाला मासळी पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने पापलेटची खोकी पाठवली. “ताई, आज पहाटेच्या लाँचीचा माल आहे,” असा वर फोन. खोकं उघडलं, तर बर्फाखाली तळहाताएवढी पापलेटं दाटीवाटीने रचलेली. कल्ले उचलून पाहिले, ते विटकरी पडलेले. डोळे आत गेलेले. बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहत होता. फूटपट्टी लावली, तर बहुतेक मासे बारा सेंटिमीटरही भरेनात.

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मग पहाटेची लाँच आली कुठून? एक तर माल मे महिन्यापासून शीतगृहात पडून होता, नाही तर बंदी मोडून आणलेला होता. विचारलं तेव्हा उत्तर आलं, “सगळीकडे हाच माल जातो. ताटात अख्खं पापलेट बसतं, गिऱ्हाईक खूश.” मी खोकी परत पाठवली आणि त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. त्याचं ते वाक्य मात्र विसरता आलं नाही, कारण ते खरं होतं. छोटं पापलेट समुद्रातून निघतं ते आपल्या मागणीमुळे.

हिशेब करून पाहा. साठ ग्रॅमची सोळा पापलेटं मिळून जेमतेम किलो होतो. हीच पिल्लं अर्ध्या किलोची झाली तर आठ किलो मासळी होईल. सगळी वाचणार नाहीत, हे मान्य. पण चारच वाचली तरी दोन किलो झाले, शिवाय ती अंडी घालून गेली. मोठ्या पापलेटला किलोमागे भावही कितीतरी जास्त मिळतो. म्हणजे पिल्लू पकडण्यात कोळ्याचा तोटा, खाणाऱ्याचा तोटा आणि समुद्राचाही तोटा.

2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. ही अगदी तळाची मर्यादा समजा, त्याहून चांगलं मोठं घेतलेलं बरं. अख्खंच हवं हा हट्ट सोडला की प्रश्न सुटतो. आमच्याकडे आता मोठ्या पापलेटच्या तुकड्या वाढतो. गिऱ्हाईक आधी कुरकुरलं, मग रुळलं.

मुंबईसमोरच्या समुद्रात वाळूत राहणाऱ्या चपट्या शेवंडीची मासेमारी एके काळी जोरात होती. भरमसाट उपशाने 1990 च्या दशकात ती कोलमडली. पापलेटचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर खरेदी करताना एवढं पाळा.

पहिलं, जाळं कोणतं ते विचारा. दालदीच्या ठरावीक आसाच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो. गळाने एकेक मासा निवडून येतो. ट्रॉलच्या बारीक आसात पिल्लंही येतात आणि त्यांचा ढीग मासळीच्या भुकटीसाठी जातो. एलईडी दिव्यांच्या झोतात मासेमारी करायला केंद्र सरकारने 2017 मध्येच बंदी घातली आहे. तसा माल आहे असं कळलं, तर स्वस्त असला तरी घेऊ नका.

दुसरं, पावसाळा पाळा. कोकणातल्या घरांत या दिवसांसाठी सुके बोंबील, सोडे, जवळा, सुकट आधीच भरून ठेवत. आम्हीही जून-जुलैत सोड्यांची खिचडी आणि सुक्या बोंबलाचं कालवण करतो. खाडीतली, बिनयांत्रिक होडीने धरलेली थोडी मासळी मिळते, ती घ्यायला हरकत नाही. पण जुलैत कोणी “ताजी सुरमई” म्हणाला, तर ती कधीची आणि कुठली, हे नक्की विचारा.

तिसरं, ताटात फेर ठेवा. पापलेट, सुरमई, कोळंबी याच तिघांवर सगळी मागणी पडते. तिरफळ घातलेला बांगडा, तारली, मांदेली, ढोमा यांचीही चव घ्या. खिशाला परवडतात आणि मोठ्या जातींवरचा भार हलका होतो.

चौथं, चिंबोरी घेताना पोटाखालचं झाकण पाहा. बाहेर अंड्यांचा घोस लटकत असेल तर ती मादी घेऊ नका. तिच्या एका खेपेत लाखो अंडी असतात.

आणि शक्यतो बाजारात बसणाऱ्या ओळखीच्या कोळिणीकडून घ्या. मावशीला रोजचं गिऱ्हाईक टिकवायचं असतं, त्यामुळे माल कुठल्या बंदराचा, कुठल्या जाळ्याचा हे ती सहसा लपवत नाही. चांगल्या मालाला दोन पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नका.

कायदा आहे, बंदी आहे, पण प्रत्येक टोपलीवर पहारा ठेवणं कुठल्याही खात्याला जमणार नाही. तो पहारा आपण गिऱ्हाईकांनीच ठेवायचा आहे. छोटं पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला स्पष्ट सांगा.