कोथरूडला भाड्याने राहताना: भाड्याच्या आकड्याबाहेरचा खर्च

कोथरूडमध्ये आज वन बीएचके फ्लॅटचं भाडं साधारण १५ ते २२ हजार रुपये आहे, टू बीएचकेचं २५ ते ३५ हजार. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी किंवा कर्वे पुतळ्याच्या मागच्या गल्ल्यांत लिफ्ट नसलेल्या जुन्या तीनमजली इमारती आहेत, तिथे थोडं कमी पडतं. पौड रस्त्याला लागून मेट्रो स्टेशनच्या पायी अंतरावर घर हवं असेल तर जास्त. एवढी चौकशी सगळेच करतात. बजेट कोलमडतं ते भाड्याव्यतिरिक्तच्या पैशांनी, कारण ते कोणी आधी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. दर जून-जुलैत लातूर, सोलापूर, जळगाव, कोल्हापूरकडून शिक्षणासाठी आणि पहिल्या नोकरीसाठी येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील याच खर्चांनी बेजार होतात. त्यांच्यासाठी हा हिशेब.

आधी पहिल्या दिवसाचे पैसे पाहू. २० हजार भाड्याचा फ्लॅट धरा. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ६० हजार. एजंटमार्फत घर घेतलं तर त्याचं एक महिन्याचं भाडं, २० हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, आणखी २० हजार. करारनोंदणीचा खर्च आणि सामानाचा टेम्पो मिळून पाच-सहा हजार. घरासाठी एक भांडंही विकत घेतलेलं नसताना एक लाखाच्या वर रक्कम गेलेली असते. गावाहून निघताना ही रक्कम जवळ आहे ना, ते बघा.

एजंटशी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बोलून घ्या. एक, त्याची फी नेमकी किती आणि ती करार नोंदल्यानंतरच द्यायची. दोन, अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुढे वाढवला तर त्याला पुन्हा काही द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी मालक आणि भाडेकरू एकमेकांना ओळखत असतात, एजंटने काहीच काम केलेलं नसतं, तरी अर्ध्या महिन्याचं भाडं मागितलं जातं आणि लोक संकोचून देतात. देऊ नका. ‘टोकन’ म्हणून काही रक्कम मागितली तर ती यूपीआयने मालकाच्या खात्यावर द्या, एजंटच्या हातात रोख नको, आणि घर रद्द झालं तर ती परत मिळणार का हे मेसेजवर लिहून घ्या.

करार हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे आणि खरं तर सर्वांत स्वस्त. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकांनी हे कलम नीट वाचावं. नोंदणी त्यांच्याही संरक्षणासाठी आहे.

मुद्रांक शुल्काचा हिशेब घरीच करता येतो. करारकाळातलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेली रक्कम यांची बेरीज करायची आणि तिच्या ०.२५ टक्के शुल्क भरायचं. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २ लाख २० हजार. ६० हजार डिपॉझिटचे वर्षाचे १० टक्के ६ हजार. बेरीज २ लाख २६ हजार, त्यावर शुल्क ५६५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार रुपये. ऑनलाइन नोंदणीचं दस्त हाताळणी शुल्क याशिवाय द्यावं लागतं, ते भरताना पडद्यावर दिसतं. घरी येऊन अंगठे आणि फोटो घेणारे लोक आपलं सेवाशुल्क लावतात, त्यात गैर काही नाही. मात्र सरकारी भरणा किती आणि तुमचं किती, हे पावतीवर वेगळं मागा. एकच मोठा आकडा सांगणाऱ्याकडून करार करून घेऊ नका.

‘कशाला नोंदणी, नोटरी करून टाकू’ असं सुचवणारे भेटतील. नोटरी केलेला कागद नोंदणीची जागा घेत नाही. मुलाच्या आरटीई प्रवेशाला नोंदणीकृत करारच लागतो आणि पत्त्याचा पुरावा म्हणून इतरत्रही त्याचाच उपयोग होतो. काही मालक नोंदणी का टाळतात, त्याचं एक कारण मिळकतकरात आहे. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती जाते. ही अडचण मालकाची आहे. तिची किंमत तुम्ही कागदाविना राहून चुकवू नये. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायची असते. ती भरायला शुल्क नाही, तेव्हा ‘पोलीस व्हेरिफिकेशनचे’ म्हणून कोणी हजार रुपये मागितले तर ते त्याच्या श्रमाचे आहेत हे समजून घासाघीस करा, किंवा फॉर्म स्वतः भरा.

डिपॉझिट किती असावं याला राज्यात पक्की मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून करारातला मजकूर महत्त्वाचा. पुण्यात घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायची सवय आहे. कापायचे असतील तर किती, हे करारात आकड्याने लिहून घ्या. ‘रंगकाम भाडेकरूकडून’ एवढंच लिहिलेलं असलं की १० हजारही जातात आणि २५ हजारही. सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतींची ओल, बाथरूमच्या फरशा, किचन ओट्याखालचा नळ, पंखे, गीझर, वीज मीटरचं रीडिंग, सगळं त्यात आलं पाहिजे. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा.

मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारल्याशिवाय दोन घरांच्या भाड्याची तुलना करूच नका. १८ हजार अधिक मेंटेनन्स हे घर मेंटेनन्ससह असलेल्या २० हजारांच्या घरापेक्षा महाग असू शकतं. सोसायटी भाडेकरूमुळे जी जादा रक्कम लावते, ती ना-भोगवटा शुल्काची. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क महिना २ हजार असेल तर २०० रुपये. हे देणं सोसायटी आणि मालक यांच्यातलं आहे. मालक ते तुमच्यावर टाकत असेल तर निदान खरा आकडा दाखवायला सांगा.

पाण्याची चौकशी मालकाकडे न करता खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे करा. कोथरूडला पालिकेचं पाणी खडकवासला साखळीतल्या धरणांमधून येतं. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं झालं तर पालिका बहुधा गुरुवार निवडते आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा, कमी दाबाने येतं. पाण्याची टाकी मोठी असेल तर हा दिवस निभतो. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, आणि त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की दर फ्लॅटमागे वेगळे गोळा करतात, हे विचारा.

विजेच्या बाबतीत एकाच ठिकाणी सावध राहावं लागतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत सर्वांत स्वस्त, पुढे ३०० पर्यंत, ५०० पर्यंत असे वाढत जाणारे. बंगल्याचे दोन भाग करून एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं ठेवली, की दोघांचे युनिट एकत्र होतात आणि दोघंही वरच्या टप्प्याचा दर भरतात. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, राहणाऱ्या मुलांकडून तर सबमीटर लावून सरसकट ठरावीक दराने पैसे घेतले जातात. मूळ बिल दाखवा, हे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि ते नम्रपणे पण दर महिन्याला म्हणा. राहायला येतानाच ग्राहक क्रमांक टाकून आधीची थकबाकी नाही ना, तेही बघून घ्या. वेळेआधी बिल भरलं तर १ टक्का आणि ऑनलाइन भरलं तर ०.२५ टक्के सूट मिळते. बारीक रक्कम आहे, पण आपलीच आहे.

गॅसची पाइपलाइन अनेक इमारतींत आली आहे. नसेल तर बहुधा मालकाचाच सिलिंडर वापरावा लागतो, म्हणून पुस्तक आणि नोंदणीचा मोबाइल नंबर कोणाकडे आहे ते ठरवून घ्या. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावर छापलेलं असतं. घरी आणणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगा. पावतीवरच्या किमतीत घरपोच पोचवणं आलेलंच असतं. एकट्या विद्यार्थ्याला ५ किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा. तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो.

कॉट बेसिसवर जेवणासह महिना सहा ते दहा हजार लागतात. जेवण वेगळं असेल तर दोन वेळच्या मेसचे किंवा डब्याचे तीन ते चार हजार. डबा लावताना खाड्यांचं बोलून घ्या. दिवाळीला आठ दिवस गावी गेलात तर ते पैसे वजा होणार का, किती दिवस आधी सांगावं लागेल, रविवारी संध्याकाळी डबा असतो का, हे सगळं पहिल्याच दिवशी. महिन्याचे पैसे एकदम भरण्यापूर्वी दोन-तीन दिवस सुटं जेवून बघा.

घरकामाला मावशी लावल्या तर भांडी, धुणं, केर-फरशी या प्रत्येक कामाचे साधारण हजाराच्या आसपास, माणसं किती त्यावर कमी-जास्त. इथे घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्यातून दोन सुट्ट्या आणि दिवाळीला एका महिन्याचा पगार ही पुण्यात रुळलेली रीत आहे, ती पाळा आणि खर्चातही धरा. तसंच कचऱ्याचं. दारात कचरा घ्यायला येणाऱ्या बहुतेक ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद असतात. ही संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते आणि या कष्टकऱ्यांना पालिकेचा पगार नसतो. घरटी महिन्याला शंभराच्या आतबाहेरची जी रक्कम असते, तीच त्यांची मुख्य कमाई. ‘आम्ही कर भरतो’ म्हणून ती नाकारू नका. ओला-सुका वेगळा द्या, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून द्या.

येण्याजाण्याचं थोडक्यात. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळस्टॉप ही मेट्रो स्टेशनं कोथरूडकरांच्या कामाची. तिकीट १० ते ३५ रुपये, शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत. जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलून पिंपरीला किंवा स्वारगेटला जाता येतं. पीएमपीचे दर जून २०२५ मध्ये वाढले, आता पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचा दैनिक पास ७० आणि मासिक १५००. महिन्यात वीसएक दिवस दोन-तीन बस बदलाव्या लागत असतील तरच मासिक पास परवडतो. रिक्षाचं मीटर सप्टेंबर २०२२ च्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे प्रत्येकी १७ रुपये, म्हणजे ४ किलोमीटरला ६८ च्या आसपास. रात्री बारा ते पाच या वेळात २५ टक्के जादा.

लहान मूल असेल तर पालिकेच्या सुतार दवाखान्यातलं लसीकरण विनामूल्य आहे, हे नव्या लोकांना माहीत नसतं आणि ते उगाच खासगीत पैसे भरतात. थोरात उद्यान जवळ आहे, म्हातोबाच्या टेकडीवर फिरायला पैसे पडत नाहीत, आणि यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात महिन्यातून एक नाटक बघायचं तर माणशी तीनशे ते पाचशे बाजूला ठेवा. ते जरूर ठेवा.

घर सोडायचं ठरलं की करारात असेल तेवढे दिवस आधी लेखी कळवा. मेसेज चालेल, नुसता फोन नको. ‘शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापतो’ ही सूचना मालकाकडून आली तर ती तुमच्या फायद्याची असते, पण स्वतःहून भाडं थांबवू नका. करार संपल्यावर राहत राहिलात, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ नुसार मालक दुप्पट भाडं मागू शकतो. शेवटचं वीजबिल आणि गॅसबिल भरून त्यांच्या पावत्या मालकाला पाठवा, आल्या दिवशीचा व्हिडिओ पुन्हा बघा, तसाच नवा काढा. किल्ली द्यायची ती डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावर. ‘पुढच्या आठवड्यात टाकतो’ असं मालक म्हणाला, तर रक्कम आणि तारीख त्याच्याकडून तिथेच लिहून घ्या.