संज्ञा-परिचय : आर्थिक नुकसान पातळी

उत्पन्न आणि खर्च जेथे समान होतात, त्यास व्यापारात ‘ना नफा ना तोटा बिंदू’ म्हणतात. स्टर्न व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘आर्थिक नुकसान पातळी’ याच हिशेबावर उभी आहे.

फवारणीचा खर्च आणि तिच्यामुळे वाचणाऱ्या पिकाचे मोल ज्या कीडसंख्येला समान होतात, ती ही पातळी. समजा, फवारणीस एकरी १,२०० रुपये लागतात आणि भाताचा दर किलोस २४ रुपये आहे. तर किमान ५० किलो भात वाचला तरच खर्च निघेल. दर २० रुपये झाल्यास ६० किलो वाचावे लागेल. म्हणजेच भाव उतरला की पातळी वर सरकते. कीड तेथे पोहोचण्यापूर्वीच उपाय करावा लागतो. त्या टप्प्यास ‘संकेत पातळी’ म्हणतात.

तंजावर जिल्ह्यात आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन चालते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार तपकिरी तुडतुड्यांची संकेत पातळी दर फुटव्यास एक आहे. मात्र दर चुडात एक भक्षक कोळी असल्यास ती दोन होते. कोळी हे शेतकऱ्याचे बिनखर्चाचे भांडवल होय. अकारण फवारणीने ते नष्ट होते, तुडतुडे पुन्हा उसळतात आणि खर्च दुप्पट होतो.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी चूड बाजूला करून बुंध्याशी तुडतुडे आणि कोळी दोन्ही मोजावेत. औषधाचे नाव त्यानंतर सांगावे.