विषय घेण्याआधी कपाट उघडून पाहा

आठवी पास झालेल्या पोराने नववीत कोणता विषय घ्यायचा, हे आमच्या केशोरीत घरी बसून ठरत नाही. ते शाळेच्या वऱ्हांड्यात फॉर्म भरताना पाच मिनिटांत ठरतं. जून महिना असतो, पऱ्हे टाकायची घाई असते. बाप सायकल झाडाला टेकवून आत येतो, 'सर, तुम्हीच बघा काय ते,' म्हणतो आणि सही करून मोकळा होतो. अकरावीच्या वेळी पुन्हा तेच. सायन्स, आर्ट्स की व्होकेशनल, हे बहुतेक वेळा एसटी कुठे थांबते आणि फी किती यावरच ठरतं.

माझं असंच ठरलं, माझ्या धाकट्या बहिणीचंही. आज मी गावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो आणि ती नर्स आहे, म्हणजे दोघांचंही बरं चाललंय. तरी मधली काही वर्षं आम्ही आडवाटेने चाललो. ती वाट कुठे चुकते हे आता नीट दिसतंय, म्हणून लिहितो आहे. गावातल्या आई-बापांनी आणि पोरांनी हे वाचावं, एवढीच इच्छा.

आमच्या वेळी शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. त्यात पकड, हातकरवत, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर असं सामान होतं म्हणे. 'म्हणे' अशासाठी की ते कपाट आम्हाला कधी उघडून दाखवलंच नाही. सामान हरवलं तर भरपाई कोणी द्यायची, ही भीती होती. फळ्यावर बोर्ड वायरिंगची आकृती काढली जाई, आम्ही ती वहीत उतरवून घेत असू, वहीवर सही होई आणि वर्षअखेरीला सगळ्यांना भरघोस गुण पडत. त्या गुणांवर आमच्या घरच्यांनी मनापासून विश्वास ठेवला. 'पोराचा हात चांगला आहे' असं बाबा चारचौघांत सांगायचे. तोवर माझ्या हाताने एक वायरसुद्धा सोललेली नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं. आता शाळेत मल्टिस्किल असो, ऑटोमोबाइल असो, आरोग्यसेवा असो की कृषी, विषयाच्या नावाला भुलू नका. प्रवेशाआधी एकदा शाळेत जा आणि ते कपाट उघडून दाखवा म्हणा. अवजारांवर वापराच्या खुणा आहेत का ते बघा. पकडीची मूठ घासलेली असेल, आयर्नच्या टोकाला काजळी असेल, तर तिथे विषय चालतो. अवजारं अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील तर तिथे फक्त वही चालते. मग शिकवणारे सर कायमचे आहेत की कंत्राटावरचे, आणि गेल्या वर्षी ते मध्येच सोडून गेले होते का, तेही विचारा. कंत्राटी प्रशिक्षकांचे पगार रखडतात, माणसं कंटाळून निघून जातात आणि मुलांचं वर्ष कोरडं जातं. हे विचारताना संकोच करू नका. चांगल्या शाळेला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

दहावीनंतर मी अकरावीला व्होकेशनल घेतलं, इलेक्ट्रिकल. याला लोक अजून एमसीव्हीसी म्हणतात. महाराष्ट्रात हे अभ्यासक्रम 1988 च्या सुमारास सुरू झाले. त्यात इंग्रजी, दुसरी एक भाषा, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम आणि धंद्याचे तीन पेपर असत. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे स्वतंत्र विषय नसत. ही शेवटची गोष्ट प्रवेशाच्या दिवशी मला कोणी सांगितली नाही. सांगितली गेली ती दुसरीच गोष्ट, 'बारावीनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.' ती खरीच होती. तांत्रिक गटातून बारावी झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मला मिळाला.

कॉलेजातली दोन वर्षं मात्र चांगली गेली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथले सर हाताने काम करणारे होते. जळालेली मोटार त्यांनी आम्हाला पहिल्यांदा उघडायला लावली तेव्हा जळक्या वार्निशचा वास नाकात बसला, तो आजही ओळखीचा आहे. जुनी कॉइल उपटण्याआधी तिचे वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरने बघायची आणि कोणतं टोक कुठे जोडलंय त्याचं चित्र कागदावर काढून ठेवायचं, हे त्यांनी शिकवलं. वेढे कमी भरले तर मोटार जास्त करंट ओढते आणि तापते, जास्त भरले तर पाणी ओढताना जोर पडत नाही. आपल्याकडे एक फेज गेला की तीन फेजची मोटार उरलेल्या दोनवर घरघरत राहते. शेतकरी जागेवर नसतो आणि अर्ध्या तासात कॉइल काळी पडते. हे ज्याने हाताने केलं त्याला पुस्तक वाचताना अर्थ लागतो. अशा विषयांची खरी कमाई हीच आहे, आणि ती मिळत असेल तर व्होकेशनलला दुय्यम मानायचं काही कारण नाही.

ठेच लागली ती पुढे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसलो तेव्हा पहिल्या वर्षाचं गणित बाकीच्या पोरांचं झालेलं होतं. एसी सर्किट शिकवायला घेतलं की फळ्यावर कॉम्प्लेक्स नंबर यायचे. गणिताच्या तासाला इंटिग्रेशन चालायचं. मला मोटार खोलता येत होती, पण ती कागदावर मांडता येत नव्हती. वर्गात सगळ्यात आधी फॉल्ट शोधणारा मी आणि गणितात नापास होणाराही मीच. दोन वर्षं गणिताला हातच लावला नव्हता, त्यातून तो खड्डा पडला होता. एटीकेटी साठत गेल्या, घरचे पैसे संपत आले, आणि डिप्लोमा अर्धा टाकून मी वडशाला एका वाइंडिंगच्या दुकानात लागलो.

तेव्हा पोरांनो, थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता धरायचा असेल तर अकरावीपासून गणित स्वतः चालू ठेवा. शिकवणी लावा, सायन्सच्या मित्राची वही घ्या, काहीही करा. आणि इंजिनिअरिंगच्या डिग्रीचं मनात असेल, पण हातही चालवायचा असेल, तर अकरावी सायन्समध्ये द्विलक्षी विषय असतात. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा क्रॉप सायन्स असा दोनशे गुणांचा विषय घेता येतो आणि फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हातात राहतं. आमच्या भागात प्रत्येक कॉलेजात हे नसतं. अर्जुनी, वडसा, साकोली, गोंदिया, जिथे जाणं-येणं जमेल तिथे चौकशी करा. मुलाला खोली करून ठेवावी लागली तरी हिशेब करून बघा.

मला आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. व्होकेशनल बारावी झालेल्यांना कारखान्यात किंवा वीज कंपनीत वर्षभर स्टायपेंड घेऊन शिकाऊ उमेदवारी करता येते. ॲप्रेंटिस कायदा 1961 चा आहे, त्यात व्होकेशनलवाल्यांसाठी 1986 च्या दुरुस्तीने वेगळा वर्ग केला. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी हे नावही ऐकलं नव्हतं. आता नोंदणी ऑनलाइन होते, नॅट्स नावाच्या पोर्टलवर. निकाल लागल्यावर दोन-चार दिवसांत नोंदणी करून टाका, पुढचा विचार नंतर करा.

बहिणीची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त लागते, कारण ती माझ्यापेक्षा हुशार. तिला लहानपणापासून नर्स व्हायचं होतं. 'आरोग्याचाच विषय आहे, नर्सिंगला उपयोगी पडेल,' असं ऐकून तिने अकरावीला पॅरामेडिकल गटातलं व्होकेशनल घेतलं. ऐकायला बरोबर वाटतं. बारावीला गुण छान पडले, आम्ही बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म आणायला गेलो, आणि खिडकीवरच्या माणसाने मार्कलिस्ट बघून परत केली. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. अर्जुनी आल्यावर एवढंच म्हणाली, 'दादा, हे दोन वर्षांआधी कोणी सांगितलं असतं तर?'

तिच्यासाठी वाट उरली होती ती जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची. इंग्रजी घेऊन बारावी झालेल्याला, शाखा कोणतीही असो, किमान गुणांची अट पाळून तिथे अर्ज करता येतो. तीन वर्षांचा डिप्लोमा तिने केला. पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं तर आणखी दोन वर्षं. सरळ गेली असती तर चार वर्षांत डिग्री झाली असती, आता पाच लागतात, शिवाय नोकरी सांभाळून. ती आज उत्तम काम करते आणि तिच्या वॉर्डातले लोक तिचं नाव घेतात, पण फुकट गेलेलं ते वर्ष कोणाच्याही पोरीचं जाऊ नये.

म्हणून कोणताही ऐच्छिक विषय घेताना 'हा घेतला तर कोणता सुटतो?' हे विचारायलाच हवं. कोणता मिळतो ते सगळेच सांगतात. सुटलेल्या विषयाची गरज पुढे कुठे पडते, ते त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. नियम बदलत राहतात, त्यामुळे माझ्यावर, शेजाऱ्यावर किंवा गेल्या वर्षी पास झालेल्या पोरावर विसंबू नका. पुस्तिका स्वतः वाचा, आणि वाचता येत नसेल तर पोराकडून मोठ्याने वाचून घ्या.

चित्रकलेबद्दल थोडं. गावात अजून समज आहे की चित्रकला म्हणजे टाइमपास. कला संचालनालयाची एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट अशा दोन ग्रेड परीक्षा असतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीच्या निकालात 7 वाढीव गुण, बी ला 5 आणि सी ला 3. लोककला, शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य यांनाही वाढीव गुणांची सोय आहे. पण हे गुण आपोआप पडत नाहीत. शाळेला वेळेत बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. माझ्या ओळखीत एका पोराची ए ग्रेड होती, सर्टिफिकेट घरात टांगलेलं होतं, प्रस्ताव गेलाच नाही आणि तंत्रनिकेतनाची त्याची जागा थोडक्यात हुकली. सर्टिफिकेटची झेरॉक्स शाळेत द्या, पोच घ्या, आणि डिसेंबरपासून विचारत राहा.

आणि कला म्हटली की आपल्या झाडीपट्टी रंगभूमीला विसरू नका. भाऊबीजेनंतर मंडईचा हंगाम लागला की रात्रभर नाटकं चालतात, वडशातून कंपन्या निघतात. पडदे रंगवणारा, लाइट लावणारा, माइक सांभाळणारा, मेकअप करणारा, ऑर्गन वाजवणारा, सगळे या धंद्यावर जगतात. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. एखाद्या पोराचा गळा चांगला असेल किंवा रंगांत हात चालत असेल, तर तो इथेच कामाला येतो. शाळेने मुलांना कंपनीच्या तालमीला नेलं तर कितीतरी शिकता येईल.

काम नीट शिकवलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने बघितलेलं आहे. 1937 साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली, ती आपल्या विदर्भातलीच. पुढे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला. आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग-बांधकाम, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य यांच्या प्रत्यक्ष कामाला. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तिथे मुलं गावातल्या लोकांची खरी कामं करून देतात, त्याचा हिशेब ठेवतात. काम बिघडलं तर लोक बोलतात, आणि पोरगं दुसऱ्यांदा नीट करतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहावीपासून कामाची ओळख आणि नववी-दहावीत व्यवसाय शिक्षण सगळ्यांसाठी यायचं आहे. मग केशोरीच्या शाळेत ते कोणतं असावं? आमची मिरची नागपूरपर्यंत ओळखली जाते, पण वाळवणं आणि साठवणं यांत दरवर्षी माल काळा पडतो. इटियाडोहाच्या पाण्यावर आणि विहिरींवर कितीतरी पंप चालतात आणि जळतात. बांबू आहे, मोह आहे, धान आहे. मिरचीतला ओलावा मोजणं, सोलर ड्रायर बनवणं, पॅकिंगवर वजन आणि तारीख नीट छापणं, पंपाचा स्टार्टर जोडणं हे शिकवायला दूरचा माणूस लागत नाही. गावातले शेतकरी, वायरमन, सुतार यांना शाळेने आठवड्यातून एकदा बोलवावं. मानधन थोडं असलं तरी ते वेळेवर द्यावं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा.

माझं दुकान त्यासाठी उघडं आहे. मुलांना घेऊन या, एक जळालेली मोटार मी त्यांच्यापुढे ठेवतो, वेढे त्यांनीच मोजावेत. फक्त उन्हाळी धानाच्या हंगामात येऊ नका. तेव्हा दारात मोटारींची रांग असते आणि मला धड बोलायलाही सवड नसते. दिवाळीची सुट्टी संपली की केव्हाही चालेल.