पंख मिटून वर, पंख उघडून खाली

अग्निबाण आणि ग्लायडर यांचे स्वभाव परस्परविरोधी. अग्निबाणाला वेग हवा, म्हणून तो सडपातळ; ग्लायडरला हवेचा आधार हवा, म्हणून त्याचे पंख लांब. एकाच प्रतिकृतीकडून दोन्ही कामे करून घ्यायची तर वर जाताना पंख मिटलेले असावेत आणि माथ्यावर ते उघडावेत.

ही कल्पना केवळ खेळण्यापुरती नाही. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या मिग-२७ विमानांचे पंख उड्डाणातच १६, ४५ व ७२ अंशांवर वळवता येत. २७ डिसेंबर २०१९ रोजी ही विमाने हवाई दलातून निवृत्त झाली. अग्निबाणावर चढून जायचे व पंखांवर तरंगत उतरायचे, हा प्रयोग इस्रोने २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून केला. ते यान सुमारे ६५ कि.मी. उंची गाठून बंगालच्या उपसागरात उतरले. २ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच राज्यातील चित्रदुर्ग जिल्ह्यात तशा यानाला हेलिकॉप्टरमधून सोडण्यात आले व ते धावपट्टीवर आपोआप उतरले. त्याचे पंख मात्र स्थिर होते.

आता आपल्या प्रतिकृतीकडे वळू. अग्निबाण सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य दाबमध्याच्या बराच पुढे असावा लागतो. ग्लायडरमध्ये हे अंतर थोडेच चालते. समजा, प्रतिकृतीचे वजन ६० ग्रॅम, दोन्ही पंखांचे मिळून १५ ग्रॅम व प्रत्येक पंखाची लांबी २४ सें.मी. आहे. मिटलेला पंख उघडला की त्याचा मध्य सुमारे १२ सें.मी. पुढे येतो, पण संपूर्ण प्रतिकृतीचा गुरुत्वमध्य १५ × १२ ÷ ६०, म्हणजे ३ सें.मी.च पुढे सरकतो. पंखांची उचल मात्र पूर्ण १२ सें.मी. पुढे येते. पंखांच्या एका हालचालीने बाणाचा ग्लायडर होतो तो असा.

पंख ३ मि.मी. जाडीच्या बाल्साच्या फळीतून कापावेत व लाकडाची रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावी. बिजागरीच्या खिळ्याखाली पितळी चकती घालावी. पंख सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. दोन्ही पंख सारख्याच रबराने पुढे ओढावेत आणि एकाच दोऱ्याने मागे बांधावेत. माथ्यावर मोटारीतील उत्क्षेपक दारूच्या उष्ण वायूने हा दोरा जळतो व पंख उघडतात. एक पंख आधी उघडला तर प्रतिकृती गिरक्या घेत कोसळते.

रंगरंगोटीकडे अनेक जण शोभा म्हणून पाहतात. वास्तविक तो तोलाचा प्रश्न आहे. गुरुत्वमध्यापासून ३० सें.मी. मागे शेपटीवर ३ ग्रॅम रंग चढला, तर तो तोलण्यास १५ सें.मी. पुढे नाकात ६ ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणजे ३ ग्रॅम रंगाची किंमत ९ ग्रॅम! म्हणून जोडणीपूर्वीच बारीक पॉलिश कागदाने घासून डोपचे दोन पातळ हात द्यावेत. पंखाच्या दोन्ही बाजूंना सारखाच हात द्यावा. एकाच बाजूस दिल्यास पंख वाळताना वाकतो. बिजागरीला डोप लागू देऊ नये. शेवटी दोन्ही पंख तराजूत घालून पाहावेत.

पहिली चाचणी मोटारीविना करावी. पंख उघडे ठेवून, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या एक-तृतीयांशावर तोल साधावा. त्यासाठी नाकाला शाडूची गोळी लावावी. मग मोकळ्या माळावर, वाऱ्यासमोर, हाताने हलकेच सोडावे. नाक खाली जात असल्यास गोळी कमी करावी. नाक वर उचलून थबकत असल्यास वाढवावी. तोल जमल्यावर गोळीच्या जागी तितक्याच वजनाचे शिसे बसवावे. नंतर पंख बांधून दोरा कात्रीने कापावा व ते एकदम उघडतात का, हे वीस वेळा तरी पाहावे.

येथपर्यंतचे सारे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. पुढची पायरी मात्र स्वतःच्या जबाबदारीवर घेण्याची नाही. दारू भरून घरी मोटार बनवणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात हात किंवा डोळा जाण्याचा धोकाही आहे. कारखान्यात तयार झालेली मोटार, जाणकारांची देखरेख व आवश्यक परवानगी असल्याशिवाय उड्डाण करू नये. सांबरा विमानतळाच्या परिसरात तर मुळीच नाही. हाताने सोडलेले ग्लायडर माळावर सरळ तरंगत गेले, तरी उड्डाणशास्त्राचा निम्मा धडा पदरात पडला असे समजावे.